सकाळच्या थंडीत जुनी डिझेल इंडिका लागत नाही, पंप खोलायचा का?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडं २००७ ची इंडिका व्ही२ डिझेल आहे, साधी, टर्बो नसलेली. वडिलांनी घेतलेली, भरपूर चाललीय आणि आजवर रस्त्यात कधी दगा दिला नाही तिनं. पण दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि तेव्हापासून सकाळी लागायला लै त्रास देतेय. मला सातच्या शिफ्टला चिंचोळी एमआयडीसीत पोचायचं असतं, म्हणजे सहालाच गाडी काढावी लागते, त्या टायमाला आमच्याकडं पारा बारा-तेरावर असतो. चावी फिरवली की हीटरचा पिवळा दिवा येतो, जातो, मग सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण फायर घेत नाही, बराच वेळ असं केल्यावर एकदाची लागते ती पण धड नाही, थडथड थडथड करत सगळी गाडी हलते, मिनिटभरानं आपोआप नीट होते. संध्याकाळी कंपनीतून निघताना काही तक्रार नाही, चावीला हात लावला की चालू.

एका गॅरेजमध्ये दाखवली तर डिझेलचा पंप आणि नोजल (इंजिनात डिझेल फवारतात ते) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून माप जुळवायला पाठवावं लागेल म्हणाले. खर्च ऐकून गप्पच बसलो. गाडी विकायची नाही, वडिलांची आठवण आहे आणि गड्ड्याच्या जत्रेला घरी पाहुणे येणार आहेत तोवर ती नीट पाहिजे. खरंच पंप गेला असेल का? की आधी दुसरं काही बघावं? मल्टिमीटर आहे घरी, पानेपण आहेत, हात काळे करायची तयारी आहे. कुणी नीट सांगितलं तर उपकार होतील.

बाळे_नाका
मालक आधी बॅटरी बघा. सोलापुरात बॅटरी थंडीनं मरत नाही, उन्हाळ्यानं मरते. एप्रिल-मे मध्ये इथं ४२-४३ मध्ये बॉनेटखाली जी भाजून निघते त्यात तिचं पाणी उडतं, आतल्या प्लेटा खराब होतात, पण तेव्हा इंजिन गरम, ऑइल पातळ, म्हणून कळत नाही काही. डिसेंबर आला की ऑइल घट्ट, बॅटरीची ताकद थंडीनं अजून कमी, आणि मग आपण म्हणतो थंडीनं गेली. दोन वर्षं झाली असतील बॅटरीला तर नवीन टाका आणि विषय संपवा.

डिझेल_अण्णा
बाळेवाले उन्हाळ्याचं बोलले ते शंभर टक्के खरं आहे, पण विषय संपवा म्हणून बॅटरी घ्यायला नका सांगू ओ कुणाला. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं माझं, लोकांनी अंदाजानं सामान बदलून पैसे घालवलेले लै बघितलेत. जुळेवाले, तुम्ही आत्ता पंपाला हात लावू देऊ नका. पंप खराब असू शकतो, नाही असं नाही, पण पंप हा शेवटचा संशयित आणि तुम्हाला पहिल्यांदा तोच सांगितलाय. पंप झिजला की साधारण गरम इंजिनवर त्रास वाढतो, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपातून निसटतं. तुमची गाडी उलटी वागतेय, गरम झाली की सोन्यासारखी लागतेय.

आधी हे समजून घ्या की डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि डिझेल आत पडलं की पेटतं. तुमच्या १४०५ सीसी इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमध्ये बाजूला एक छोटी खोली आहे तिच्यात पडतं, आयडीआय म्हणतात त्याला. त्या खोलीच्या भिंती गार असल्या की दाबून तापवलेली हवा तिथंच गार होते. म्हणून तर या इंजिनाचं कॉम्प्रेशन २२ ला १ ठेवलंय आणि प्रत्येक खोलीत एकेक हीटर प्लग दिलाय. आमच्या एसटीला हीटर प्लग नव्हता कारण ती डायरेक्ट इंजेक्शन, तिला सोलापूरच्या थंडीत गरजच पडत नाही. तुमच्या गाडीला पडते, बारा-तेरा अंशालासुद्धा पडते.

आता बघायचं कसं. उद्या सकाळी गाडी लावताना घरातल्या कुणाला तरी मागं उभं करा आणि सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून काय येतंय ते बघायला सांगा. गाडी लागल्यावरचा धूर नाही, लागायच्या आधीचा. धूर अजिबात नसेल तर डिझेल आतच जात नाही, मग हवा धरलीय, फिल्टर चोंदलाय किंवा पंपावरचा डिझेल बंद करणारा सॉलेनॉइड उघडत नाही, चावी ऑन केल्यावर त्याचा टक् असा आवाज यायला पाहिजे. आणि ओली लाकडं चुलीत घातल्यावर येतो तसा पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी पडतेय. सगळं निदान इथं दोन वाटांनी फुटतं, हे न बघता पान्याला हात लावू नका.

दुसरं, सेल्फचा आवाज ऐका. इंजिन फिरवताना दमल्यासारखा घर्र... घर्र... आवाज असेल तर हवा सावकाश दाबली जाते, तापायच्या आत गार होते. मल्टिमीटर बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर लावा, क्लॅम्पवर नाही. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ असेल तर अर्धी रिकामी आहे. मग सेल्फ मारताना बघा, साडेनऊच्या खाली जायला नको. आणि एक काटा बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, दुसरा इंजिन ब्लॉकवर, सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगची वायर खराब आहे. जुन्या गाड्यांत ही वायर आतून हिरवी पडते, वरून बघून कळत नाही, आणि माणूस नवीन बॅटरी घेऊन येतो तरी गाडी तशीच.

तिसरं, हीटरचा दिवा गेला म्हणजे हीटर तापले असं समजू नका. तो दिवा टायमरवर चालतो, चारही प्लग मेले असले तरी तो येणार आणि जाणार. यावर लै लोक फसतात.

एवढं करून इथं लिहा, पुढचं मग सांगतो.

जुळेसोलापूरकर
अण्णा लै धन्यवाद, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आज सकाळी मुलीला मागं उभं केलं होतं. धूर पांढरा आणि भरपूर, सेल्फ मारल्या मारल्या. वास उग्र. फिरतंय जोरात, आवाज दमल्यासारखा नाही. बॅटरी १२.५, सेल्फच्या वेळी १०.१ ला टेकली. अर्थिंगला ०.२ दाखवलं. म्हणजे बॅटरी ठीक म्हणायची ना?

अजून एक गोष्ट केली. लगेच सेल्फ न मारता चावी ऑन, दिवा गेला, बंद, परत ऑन असं काही वेळा केलं आणि मग मारला, तर नेहमीपेक्षा बरीच लवकर लागली.

मंगळवारपेठ_गॅरेज
भाऊ माझा सल्ला ऐका, डिझेलमध्ये थोडं रॉकेल घाला, थंडीत डिझेल घट्ट होतं. आणि फारच अडलं तर एअर फिल्टरच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारा, पहिल्या सेल्फला लागते. ट्रकवाले हेच करतात.

डिझेल_अण्णा
मंगळवार पेठवाले, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही पण या दोन्ही गोष्टी कृपा करून कुणाला सांगू नका.

डिझेल घट्ट व्हायचं म्हणाल तर आपल्याकडच्या मानकात हिवाळ्याचं डिझेल ६ अंशाला सुद्धा फिल्टरमधून पार झालं पाहिजे असं आहे. लडाखसारख्या ठिकाणी अडचण होते म्हणून तर इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं. सोलापुरात बारा अंशाला डिझेल गोठायचा प्रश्नच नाही. आणि तुमच्या गाडीतल्या रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याच्या आतल्या सगळ्या भागांना डिझेलचंच वंगण. रॉकेल कोरडं. चांगला पंप रॉकेलनं खराब करायचा आणि मग तो कॅलिब्रेशनला पाठवायचा, असं नको.

स्प्रेचं तर त्याहून वाईट. त्यात ईथर असतं, ते कमी उष्णतेला पेटतं. ट्रकला हीटर प्लग नाही म्हणून तिथं कधीमधी चालून जातं. इंडिकात प्लग तापलेला असताना ईथर आत गेलं तर पिस्टन वर यायच्या आतच भडका, रिंगा तुटतात, पिस्टनचा काठ फुटतो, कधी इनटेकमध्येच भडका उडतो आणि तोंड जवळ असेल तर माणूस भाजतो. मी बघितलंय हे.

आता जुळेवाले. तुम्ही चावी परत परत ऑन करून जे केलं ते फार चांगलं केलं, उत्तर जवळजवळ तिथंच मिळालं. बॅटरी, सेल्फ, अर्थिंग तिन्ही पास. पांढरा धूर, म्हणजे डिझेल पोचतंय. जास्त वेळ तापवलं तर लवकर लागते आणि लागल्यावर मिनिटभर थडथडते, म्हणजे सगळेच सिलेंडर थंड नाहीत, एखाद-दुसरा फायर घेत नाही आणि बाकीच्यांनी तो गरम केला की चालू होतो. हीटर प्लग तपासा.

चार प्लगच्या डोक्यावरून एक पत्र्याची पट्टी जाते, तिला जाड वायर येते. आधी चावी ऑन करून त्या पट्टीवर व्होल्ट बघा, बॅटरीइतके, म्हणजे ११ च्या वर यायला पाहिजेत काही सेकंद. आलेच नाहीत तर रिले किंवा जाड फ्यूज, आणि मग प्लग बिचारे चांगले असू शकतात. आले तर चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, पट्टीचे नट काढून पट्टी बाजूला करा. आता मल्टिमीटर ओहमवर, एक काटा प्लगच्या टोकाला, दुसरा ब्लॉकला. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याच्या खाली दाखवतो. काहीच नाही दाखवलं तर आतली कॉइल तुटली. पट्टी न काढता मोजू नका, चारही जोडलेले असताना एक चांगला असला तरी सगळे चांगले दिसतात.

मीटरवर विश्वास नसेल तर २१ वॉटचा ब्लिंकरचा बल्ब घ्या, निगेटिव्ह परत जोडा, बॅटरीच्या प्लसपासून बल्बमधून वायर आणून प्लगच्या टोकाला लावा, पेटला तर कॉइल सलग. पट्टीची सुटी वायर कुठं टेकू देऊ नका तेवढं.

प्लग काढताना घाई नको. इतक्या वर्षांचा प्लग काजळीनं धरलेला असतो, हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची वेळ येते. आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडा, इंजिन कोमट असताना काढा, थोडा सैल, थोडा परत आत, असं करत. जोर लागला की थांबा.

बार्शीचा_शेतकरी
मी मधे बोलतो थोडं. आमच्याकडं जुनी डिझेल जीप आहे शेतावर. हीटर प्लग बदलले, फरक पडला, पण दोन दिवस उभी राहिली की परत तसंच. शेवटी कळलं की पाईप रात्रीतून हवा धरत होता. थंडीत रबर आक्रसतं आणि कडक होतं, उन्हाळ्यात जो ओ-रिंग घट्ट बसतो तोच डिसेंबरमध्ये गळतो, बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही कारण डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि डिझेल मागं टाकीत उतरतं. फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक पाईप टाका, डिझेलला चालणाराच घ्या, सकाळी सेल्फ मारायच्या आधी टॉर्चच्या उजेडात बघा. बुडबुडा दिसला की समजायचं. फिल्टरजवळ हातपंप असेल तर सकाळी तो दाबून बघा, आधी मऊ लागला आणि मग कडक झाला तर हवा आहेच.

जुळेसोलापूरकर
अण्णा, शेतकरी दादा, दोघांचंही खरं निघालं.

पट्टीवर ११.४ येत होते. पट्टी काढून मोजलं तर चारपैकी दोन प्लग पूर्ण ओपन, तिसरा बाकीच्यांपेक्षा बराच जास्त ओहम दाखवत होता. म्हणजे एकच प्लग धड काम करत होता आणि एवढ्या दिवस सगळी गाडी त्याच्यावर लागत होती. चारही नवीन टाकले. अण्णांनी सांगितलं तसं रात्री तेल सोडून सकाळी इंजिन थोडं गरम करून काढले, मागचा एक फार घट्ट होता, त्याला अर्धा तास लागला पण अख्खा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा गेला, सेल्फ मारला, लागली. थडथड नाही, धूर अगदी थोडा. मुलगी मागून ओरडली, बाबा काहीच आलं नाही!

पण रविवारी गाडी काढली नाही आणि सोमवारी परत थोडा जास्त सेल्फ मारावा लागला, या वेळी धूरच नव्हता. तेव्हा शेतकरी दादांचं आठवलं. पारदर्शक पाईप टाकला, सकाळी बघतो तर लांबलचक बुडबुडा. फिल्टरचा ओ-रिंग नवीन टाकला तरी बुडबुडा कमी झाला, गेला नाही. कुठं शोधू?

बार्शीचा_शेतकरी
नोजलच्या वरून एका नोजलवरून दुसऱ्यावर जाणारे बारीक रिटर्नचे पाईप बघा, कापडाचं आवरण असलेले. वरून चांगले दिसतात, वाकवले की आतून भेगा. शेवटच्या नोजलवर एक आंधळं टोपण असतं ते पण बघा. मीटरच्या मापानं मिळतो तो पाईप कुठल्याही पंप-नोजलच्या दुकानात, स्वस्त आहे, सगळे एकदम बदला. टाकीकडून येणाऱ्या पाईपाचे क्लिप पण नवीन घ्या, स्क्रूचे जाड नकोत, ते बारीक पाईपाला एका बाजूनं दाबतात.

होटगी_रोड_तन्वीर
हा धागा वाचून माझं पण काम झालं. माझी कॉमन रेलची (सगळ्या नोजलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल मिळतं ती) २०१२ ची डिझेल आहे, तिला पण हेच लागू आहे का? मी एका ठिकाणी बघितलं की नोजलचा पाईप एकेक करून सैल करायचा, कुठला सिलेंडर बंद आहे ते कळतं.

डिझेल_अण्णा
तन्वीरभाऊ, थांबा. कॉमन रेलला तो पाईप अजिबात सैल करू नका. त्यात हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक धार हाताच्या कातड्यातून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत डिझेल पसरतं, ऑपरेशनची वेळ येते. जुन्या रोटरी पंपाच्या गाडीतसुद्धा हे करताना हात आणि डोळे लांब ठेवायचे. कुठला सिलेंडर थंड आहे ते बघायचं असेल तर गार इंजिन चालू केल्या केल्या इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या चारी तोंडांवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारा, जो गार तो बंद. तुमच्या गाडीत हीटर प्लग आहेत, पण बारा अंशाला कॉमन रेलला त्यांची गरज फार कमी, त्यामुळं सकाळी लागत नसेल तर आधी स्कॅनर लावून सेल्फच्या वेळी रेलमध्ये प्रेशर किती बनतंय ते बघा आणि नोजलची रिटर्न गळती मोजून घ्या.

जुळेवाले, तुमची मुलगी हुशार आहे, तिला पाना धरायला शिकवा. ऑइल कुठलं आहे गाडीत? इकडं उन्हाळ्याच्या भीतीनं बरेच जण २०डब्ल्यू५० हे जाड ऑइल घालतात.

जुळेसोलापूरकर
रिटर्नचे पाईप बदलले दादा, दोन तर हातातच तुटले. आता दोन दिवस उभी ठेवून बघितलं, पारदर्शक पाईपात बुडबुडा नाही आणि गाडी पहिल्या सेल्फला लागतेय. पंपाला कुणी हात लावला नाही.

ऑइल २०डब्ल्यू५० च आहे अण्णा, गॅरेजवाल्यांनी घातलेलं. बदलू का?

डिझेल_अण्णा
पुढच्या सर्व्हिसला १५डब्ल्यू४० घाला, डिझेल इंजिनासाठीचंच. आपल्या मे महिन्याला ते पुरतं, आणि सकाळी इंजिन हलकं फिरतं, सेल्फ आणि बॅटरी दोन्हीवरचा भार कमी होतो. आत्ता लगेच बदलायची गरज नाही. तेव्हाच टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची बारीक फट) बघून घ्या, इतकं चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह टाइट झालेले असतात आणि कॉम्प्रेशन निसटतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती शोधा, सापडली नाही तर बदलूनच घ्या आणि पंपाचं टायमिंग मार्कला जुळवून घ्या. ते जरा उशिरा पडलं तरी सकाळी असाच पांढरा धूर येतो, आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

पारदर्शक पाईप काढून मूळचा बसवा, तो कायम ठेवायचा नसतो, इंजिनच्या गरमीनं कडक होऊन तडकतो.